टर्मिनल लॉगिन स्क्रिप्टने करताय? या चुका टाळा

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात नवीन आलेलं पोट्टं पहिल्याच आठवड्यात पासवर्ड 'इको' कमांडने छापून एसएसएचला, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करणाऱ्या प्रोग्रामला, पाइप करतं (एका कमांडचं आउटपुट दुसरीला जोडतं). ते चालत नाही. एसएसएच पासवर्ड पाइपमधून वाचतच नाही, थेट टर्मिनलवरून घेतो. मग कुणीतरी 'एसएसएचपास' हे पासवर्ड पुरवणारं अवजार सुचवतं आणि पासवर्ड कमांडमध्येच लिहिला जातो. तो कमांडच्या हिस्ट्रीत राहतो.

त्यानंतर येतं एक्स्पेक्ट: प्रोग्रामने प्रश्न विचारला की आपल्या वतीने उत्तर टाइप करतं. डॉन लाइब्स यांचं हे १९९० सालचं अवजार मला मनापासून आवडतं, पण त्याचा टाइमआउट नीट समजून घ्या. प्रश्नाची वाट पाहण्याची मूळ मुदत १० सेकंदांची असते, आणि ती संपली की स्क्रिप्ट थांबत नाही, पुढची ओळ चालवते.

सीताबर्डीतल्या एका ऑफिसात मी मे महिन्यात रात्रीचा बॅकअप असाच बसवला. पुढे तिथल्या माणसाने सर्व्हरवर की (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली-फाइल) टाकली, त्यामुळे पासवर्ड विचारलाच जाईना. एक्स्पेक्टने १० सेकंद वाट पाहिली आणि पासवर्ड पाठवला, तो थेट शेलच्या (कमांड घेणाऱ्या प्रोग्रामच्या) प्रॉम्प्टवर. बॅश, म्हणजे तिथला शेल, म्हणालं 'कमांड नॉट फाउंड'. बॅकअप मात्र रोज नीट व्हायचा, म्हणून कुणी पाहिलं नाही. दिवाळीत लॉग उघडला तर प्रत्येक रात्रीच्या नोंदीत तोच उघडा पासवर्ड, आणि ती फाइल ऑफिसातल्या कुणालाही वाचता येत होती. तोच पासवर्ड आणखी चार सर्व्हरवर होता. सगळे बदलेपर्यंत उजाडलं.

तेव्हापासून पासवर्डची ओळ लिहिण्याआधी मी टाइमआउट आणि ईओएफ (समोरचा प्रोग्राम बंद होणं) या दोन फांद्या लिहितो. दोन्हींत निरोप छापायचा आणि एक्झिट १. टाइमआउट उणे १ करणं हा उपाय नव्हे, आळस आहे. स्क्रिप्ट कायमची लटकते आणि ठरल्या वेळी कामं चालवणारं क्रॉन दुसऱ्या रात्री आणखी एक सोडतं.

पाठवलेल्या ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न द्या, एंटर तेच पाठवतं.

होस्ट-की तपासणी, म्हणजे सर्व्हर खरा तोच आहे ना हे पाहणं, बंद करू नका. पहिल्यांदा हाताने लॉगिन करा आणि त्या होस्ट-कीचा फिंगरप्रिंट (छोटी ओळख) सर्व्हरच्या मालकाकडून पडताळा. पाच मिनिटांचं काम आहे, तेवढाही धीर नसेल तर दुसऱ्याच्या सर्व्हरला हात लावू नये.

आणि जिथे एसएसएच आहे तिथे कीच वापरा. एक्स्पेक्ट एसएसएच नसलेल्या, टेलनेट या जुन्या लॉगिन पद्धतीवर चालणाऱ्या नेटवर्क स्विचसाठी ठेवा. की बसत नसेल तर आधी परवानग्या बघा: डॉट-एसएसएच फोल्डरला ७००, ऑथराइज्ड-कीज फाइलला ६००, म्हणजे दोन्ही फक्त मालकापुरत्या. क्रॉनमधल्या एसएसएचला मी बॅचमोड चालू ठेवतो. की नाकारली गेली तर तो पासवर्ड न विचारता लगेच चूक दाखवून बाहेर पडतो.