फॉल्स सीलिंगच्या चौकटीत दिवा नेमका बसवायचा कसा? रेव्हिटमधली पद्धत

कुडाळला एका पतपेढीच्या हॉलचं काम होतं. 2 बाय 2 फुटांच्या (600 बाय 600 मिलीमीटर) टाइलांची फॉल्स सीलिंग, त्यात एलईडी पॅनेल. ड्रॉइंग मीच रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचं मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, काढलं होतं. प्रिंटवर सगळं सरळ रेषेत दिसत होतं. तिसऱ्या दिवशी सीलिंगवाल्याचा फोन आला: "दादानू, ह्यो दिवो बसवू खंय? हंय तर टी इली!" टी म्हणजे टाइल जिच्यावर टेकते ती धातूची पट्टी; दिव्याच्या जागी नेमकी तीच आली होती. फाइल उघडून झूम केलं, तर प्रत्येक दिवा चौकटीपासून तीस-चाळीस मिलीमीटर सरकलेला. नजरेच्या अंदाजानं ठेवले होते, आणि कागदावर एवढा फरक दिसतच नाही. त्यानंतर मी ठरलेल्या क्रमानं काम करतो. तोच इथं लिहितोय.

आधी खोली मोजा, मग सॉफ्टवेअर उघडा

चिऱ्याच्या जुन्या बांधकामात कोपरे काटकोनात असतीलच असं धरून चालू नका. चारही बाजू मोजा, दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत फरक आला तर खोली तिरकी आहे, आणि तो तिरकेपणा कुठल्या भिंतीच्या कापलेल्या टाइलमध्ये जिरवायचा हे आत्ताच ठरवा. मी तो दारातून शिरताना समोर न दिसणाऱ्या भिंतीला ढकलतो.

सीलिंग घाला

प्रोजेक्ट ब्राउझरमधून त्या मजल्याचा सीलिंग प्लॅन उघडा. फ्लोअर प्लॅन नव्हे, तिथं सीलिंग दिसत नाही आणि नवखा माणूस "गेली कुठं?" म्हणून शोधत बसतो. आर्किटेक्चर टॅबवर सीलिंग, प्रकारांमधून 600 बाय 600 ग्रिडचा निवडा, मजल्यापासूनची उंची द्या. भिंती सगळीकडून बंद असतील तर ऑटोमॅटिक सीलिंगमध्ये खोलीत एक क्लिक पुरतो, नाहीतर स्केच करून कडा आखा. ग्रिड दिसतच नसेल तर कीबोर्डवर व्हीजी (काय दिसावं ते ठरवायची सेटिंग) दाबून सीलिंग ही कॅटेगरी चालू आहे का पाहा, आणि व्ह्यू रेंजमधला कट प्लेन (प्लॅन ज्या उंचीवर कापून दाखवला जातो ती पातळी) सीलिंगच्या खाली आहे ना, तेही.

इथं एक खोच आहे. ग्रिडच्या रेषा म्हणजे खऱ्या टी नव्हेत. सीलिंगच्या मटेरियलवर लावलेला तो सरफेस पॅटर्न असतो. हा पॅटर्न मॉडेल प्रकारचा असेल तरच त्याची रेषा पकडता येते, सरकवता येते, तिच्याशी दिवा जुळवता येतो. कुणी ड्राफ्टिंग प्रकारचा पॅटर्न लावून ठेवला असेल तर रेषा नुसत्या दिसतात, हाताला लागत नाहीत. दुसऱ्याची फाइल हातात आली की मी हे पहिल्यांदा तपासतो.

ग्रिड आधी, दिवे नंतर

याच टप्प्यावर सगळ्यांत जास्त वेळ द्या. आमचा हॉल आतून 7300 बाय 4400 होता. लांबीत 600 च्या 12 टाइल बसवल्या तर 7200 होतात, उरतात 100. म्हणजे दोन्ही कडांना 50-50 ची चिंधी. अशी पट्टी कापताना तुटते आणि दिसतेही भिकार. एक टाइल कमी करा: 11 टाइलांचे 6600, उरले 700, दोन्ही बाजूंना 350. रुंदीतही तसंच. 7 टाइल घेतल्या तर कडांना 100 उरतात, 6 घेतल्या तर 400. कडेची पट्टी अर्ध्या टाइलपेक्षा, म्हणजे 300 पेक्षा लहान येऊ द्यायची नाही, एवढा एक नियम धरला तरी पुरे.

बारावरून अकरावर यायचं म्हणजे ग्रिड अर्धी टाइल, 300 नं सरकवायची. ग्रिडच्या एका रेषेवर कर्सर न्या. अख्खी सीलिंग उजळली तर टॅब दाबत राहा, नुसती रेषा उजळेपर्यंत. मग क्लिक, एमव्ही (मूव्ह), दिशा दाखवा, 300 टाइप करा. रेषा एकच निवडलेली असली तरी पूर्ण नक्षी सरकते, सीलिंगच्या कडा जागेवर राहतात. दुसऱ्या दिशेच्या रेषेलाही असंच.

हे आधी करायचं कारण साधं आहे. दिवे ठेवून झाल्यावर ग्रिड सरकवली तर ते आपोआप मागे येतील या भरवशावर राहता येत नाही. मग एकेक पुन्हा जुळवत बसा.

दिवा आणा

इन्सर्टमधून लोड फॅमिली (रेव्हिटमध्ये तयार वस्तूच्या फाइलला फॅमिली म्हणतात), लाइटिंगचा फोल्डर. निवडताना होस्ट, म्हणजे दिवा ज्याला चिकटतो ती वस्तू, कुठला ते पाहा. सीलिंगवर आधारलेली फॅमिली सीलिंगसोबत वरखाली होते. उंची 2700 ची 2600 केली तर दिवेही उतरतात. पण सीलिंग डिलीट केली की दिवेही गेले. फेसवर, म्हणजे कुठल्याही पृष्ठभागावर, आधारलेली फॅमिली अशा वेळी जागेवर राहते, नुसता होस्ट सुटतो. आर्किटेक्टची फाइल लिंक करून इलेक्ट्रिकलचं काम करणाऱ्यांना फेसवालीच लागते, कारण लिंकमधल्या सीलिंगला पहिला प्रकार चिकटत नाही. फेसवाली ठेवताना रिबनवर 'प्लेस ऑन फेस' निवडायला विसरू नका, नाहीतर ती उभी भिंत शोधत बसते.

जुळवणी

एकच दिवा घ्या, अंदाजे हव्या त्या चौकटीजवळ ठेवा. एएल (अलाइन) दाबा. आधी ग्रिडची रेषा, मग दिव्याची कड. उलटा क्रम करायचा नाही, कारण पहिल्यांदा टिचकी मारली ती वस्तू जागेवर राहते आणि दुसरी सरकते. मग आडव्या रेषेसाठी पुन्हा तेच. म्हणजे एका दिव्याला दोन वेळा अलाइन. कड पकडली जात नसेल तर इथंही टॅब.

बाजारातलं पॅनेल बऱ्याचदा 595 चं असतं, टीवर टेकायला जागा हवी म्हणून. फॅमिलीही 595 ची असेल तर एका बाजूची कड रेषेशी जुळवल्यावर दिवा चौकटीच्या मध्यापासून अडीच मिलीमीटर बाजूला राहतो. त्याची चिंता नको. फक्त एक दिवा डाव्या कडेनं आणि दुसरा उजव्या कडेनं जुळवू नका.

बाकीचे दिवे जुळवायचेच नाहीत, कॉपी करायचे. सीओ (कॉपी) दाबा, मल्टिपलवर खूण करा, दिशा दाखवून अंतर टाइप करा. अंतर 600 च्या पटीतलं असलं की प्रत्येक दिवा आपोआप चौकटीत पडतो. आमच्या हॉलमध्ये लांबीत दुसरी, सहावी आणि दहावी टाइल घेतली. दिव्यांमध्ये 2400, भिंतीपासून पहिल्या दिव्याच्या मध्यापर्यंत 1250. म्हणजे मधल्या अंतराच्या साधारण निम्मं, जसं असायला हवं तसं. रुंदीत दुसरी आणि पाचवी, मध्ये 1800. एकूण सहा दिवे.

पंखा

कोकणात पंख्याशिवाय सीलिंगचा विचार करण्यात अर्थ नाही, आणि आमची दुसरी गोची तिथंच झाली. रुंदीत 6 टाइल म्हणजे खोलीची मधली रेषा बरोब्बर टीवर. पंख्याचे हुक स्लॅबमध्ये आधीच मधोमध ओतलेले. रॉड सरळ टीतून जाणार! कडा 100 च्या होऊ द्यायच्या नाहीत आणि हुक हलणार नाहीत, म्हणून शेवटी वॉल फॅनवर तोडगा निघाला. तुमच्याकडे हुक आधीपासून असतील तर ग्रिड सरकवण्यापूर्वी ते प्लॅनवर आखून घ्या. पंख्याच्या पात्याच्या फेऱ्यात दिवा आला तर डोक्यावर सावली लुकलुकत राहते, तेही पाहून घ्या.

साइटला काय द्यायचं

सीलिंगवाला मॉडेल उघडत नाही, तो दोरी मारतो. त्याला दिव्याच्या मध्यापासून दोन भिंतींपर्यंतची मापं आणि कडेच्या पट्टीची रुंदी हवी असते. सुरुवात कुठल्या कोपऱ्यातून करायची तेही बाणानं दाखवा. पॅनेलला स्लॅबमधून वेगळी तार द्या, त्याचं वजन नुसत्या ग्रिडवर नको, अशी टीप ड्रॉइंगवरच लिहा. किनाऱ्याजवळचं काम असेल तर टाइल दमट हवेला टिकणारी मागवा. साधी मिनरल फायबरची टाइल पावसाळ्यात पोट काढते, आणि मग दिवा कितीही नेमका बसवलेला असला तरी शेजारची लोंबणारी टाइलच आधी डोळ्यांत भरते.