समोरच्याच्या विमा कंपनीशी कसं बोलावं?

गाडीच्या धडकेनंतर एक-दोन दिवसांत समोरच्याच्या विमा कंपनीचा फोन येतो. "कसे आहात आता?" पलीकडचा माणूस अदबीने विचारतो. आपण सवयीने "बरा आहे" म्हणून जातो आणि तेच कागदावर चढतं. हा माणूस वाईट नसतो, पण त्याच्या कंपनीचा करार धडक देणाऱ्याशी आहे, तुमच्याशी नाही. म्हणून घाई करायची नाही.

१. चूक तुमची नसली तरी आधी स्वतःच्या विमा कंपनीला कळवा. बहुतेक पॉलिसींत ही अटच असते. तुमच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा असेल, तर तुमची कंपनी दुरुस्तीचे पैसे देऊन ते नंतर समोरच्याकडून वसूल करू शकते. गाडीवाचून अडत असेल तर हा मार्ग बघा.

२. शक्य तितक्या लवकर डॉक्टरांना दाखवा. मानेला बसलेल्या हिसक्याचं दुखणं कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी जाणवतं. तपासणी लांबली, की हे दुखणं अपघाताचंच कशावरून, असा प्रश्न येतो.

३. फोनवर मोजकं बोला. नाव, गाडीचा नंबर, तारीख, ठिकाण, पोलीस नोंदीचा क्रमांक एवढं पुरे. क्लेम नंबर आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्या. बोलणं रेकॉर्ड करू का, असं विचारलं तर "लेखी कळवतो" म्हणा. समोरच्याच्या कंपनीला रेकॉर्ड केलेला जबाब देण्याचं बंधन सहसा नसतं. वेग किती, अंतर किती, याचे अंदाज बांधू नका. आठवत नसेल तर तसं सांगा. भिडेखातर "माझंही थोडं चुकलं" म्हणणं तर फारच महागात पडतं. अनेक देशांत दोष वाटून धरतात: तुमची चूक २० टक्के ठरली, तर भरपाईतले २० टक्के गेले. खोटं मात्र बोलू नका.

४. गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कंपनीच्या माणसाने पाहणी केल्याशिवाय गॅरेजला काम सुरू करू देऊ नका. औषधांची बिलं, बुडालेला पगार, गाडी नसताना झालेला प्रवासखर्च, सगळं एका फाइलीत ठेवा.

५. वैद्यकीय कागद मिळवण्यासाठी कंपनी संमतीपत्र पाठवते. त्यात तुमच्या जन्मभराच्या आजारांचे कागद बघण्याची परवानगी तर नाही ना, ते वाचा. या अपघाताशी संबंधित कागदच द्या.

६. कंपनीकडून भरपाईचा पहिला आकडा आला की तो कसा काढला ते लेखी मागा. गाडी दुरुस्तीपलीकडे गेली असेल, तर साधारणपणे अपघाताच्या आधीचा बाजारभाव धरतात. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, तितक्याच किलोमीटर चाललेल्या गाड्यांच्या जाहिराती जोडा आणि तुमचा आकडा लेखी कळवा.

'फुल अँड फायनल' कागदावर सही झाली, की पुढे ऑपरेशन निघालं तरी बहुधा काही मागता येत नाही. उपचार किती चालणार हे डॉक्टर सांगत नाहीत तोवर सही नको. गाडीचा हिशेब आधी मिटवायचा असेल, तर कागदात इजेचा दावा सोडल्याचं वाक्य नाही ना, ते तपासा.

७. कोर्टात दावा दाखल करण्याची मुदत देशागणिक वेगळी असते आणि कंपनीशी बोलणी चालू आहेत म्हणून ती सहसा थांबत नाही. ती तारीख पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा. इजा गंभीर असेल किंवा कंपनी दोषच नाकारत असेल, तर सहीआधी वकिलाला कागद दाखवा.