टीएसएचचा न जुळणारा अहवाल

जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत चाळीसगावहून आलेल्या एका बाईंचा टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) केमिल्युमिनेसन्स पद्धतीने, म्हणजे रासायनिक क्रियेतून निघणारा प्रकाश मोजून, अतिशय कमी आणि फ्री टी-४ (थायरॉइडचे रक्तातील मुक्त संप्रेरक) बराच जास्त आला; म्हणजे थायरॉइडची अतिक्रिया. मात्र तिची लक्षणे दिसत नव्हती: त्यांना ना धडधड होती, ना वजन घटले होते. कंट्रोलचे (मूल्य आधीच माहीत असलेल्या नमुन्यांचे) निकाल मर्यादेत असल्याने माझा संशय यंत्रावर नव्हे, नमुन्यावर होता. केस गळतात म्हणून त्या रोज १० मिलिग्रॅम बायोटिन हे ब-जीवनसत्त्व घेत असल्याचे चौकशीत कळले. (जीवनसत्त्वाच्या गोळीला कोणी औषध समजत नाही, म्हणून ती आपणहून सांगितलीही जात नाही.)

आमच्या किटमध्ये प्रतिद्रव्याला (टीएसएच पकडणाऱ्या प्रथिनाला) किंवा टी-४ला जोडलेले बायोटिन चुंबकीय कणांवरील स्ट्रेप्टॅव्हिडिन या प्रथिनाला चिकटते. ती जागा रक्तातील जादा बायोटिनने अडवली, की प्रकाश देणारे संयुग धुण्याच्या टप्प्यात वाहून जाते. टीएसएचच्या सँडविच चाचणीत (टीएसएच दोन प्रतिद्रव्यांमध्ये पकडले जाते) कमी प्रकाश म्हणजे कमी टीएसएच, तर फ्री टी-४च्या स्पर्धात्मक चाचणीत (रुग्णाचा टी-४ किटमधल्या टी-४शी जागेसाठी स्पर्धा करतो) तोच कमी प्रकाश जास्त टी-४ ठरतो, आणि दोन्ही मिळून थायरॉइडच्या अतिक्रियेचे बनावट पण सुसंगत चित्र उभे राहते.

अहवाल रोखला, डॉक्टरांच्या संमतीने गोळी दोन दिवस बंद ठेवून नवा नमुना घेतला आणि दोन्ही मूल्ये सामान्य आली. ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाच्या) अशाच चाचणीत खरा हृदयविकार निसटू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये दिला होता; त्यामुळे नोंदणीच्या वेळी बायोटिनविषयी आता आम्हीच विचारतो.