नवी नवरी क्वार्टरमध्ये येते तेव्हा

झेलम एक्स्प्रेसमध्ये दोन रात्री काढून पठाणकोट कँटला उतरलेली, फौजीशी लग्न झालेली सातारा-सांगलीकडची मुलगी मला लांबून ओळखू येते. हातात हिरवा चुडा, पायाशी नवऱ्याचा नंबर अन् नाव पांढऱ्या रंगात लिहिलेली काळी ट्रंक, आणि चेहऱ्यावर 'आता बोलायचं कुणाशी?' चौदा वर्षांपूर्वी मी जबलपूरला अशीच उतरले होते.

मराठा लाइट इन्फंट्रीत नवरा असेल तर शेजारीपाजारी आपलीच माणसं. आमचे हे सिग्नलमध्ये, म्हणजे फौजेच्या संदेशवहनाच्या शाखेत, म्हणून एका बाजूला गढवाली, दुसऱ्या बाजूला तमिळ. हिंदी महिन्याभरात येते, त्याची काळजी नको.

काळजी नावाची करा. आपल्याकडे लग्नात ताम्हणात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात. माझंही बदललं. ह्यांनी कौतुकाने युनिटमध्ये तेच नवं नाव दिलं आणि लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या दप्तरातली लग्नाची नोंद, त्याच नावाने निघाली. आधार, बँक, शाळेचा दाखला मात्र माहेरच्या नावाने. तीन वर्षं काही अडलं नाही. मग मुलगी झाली. दवाखान्यात मी आधारवरचं नाव सांगितलं, जन्मदाखला तसा आला, आणि कागदोपत्री फौजीची बायको एक अन् मुलीची आई दुसरीच! प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव, फौजींच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला अर्जावर अर्ज. ह्यात आठ महिने गेले. हे तेव्हा फिल्डला, जिथे बायका-मुलांना नेता येत नाही, म्हणजे सगळी धावपळ मी कडेवर पोर घेऊन केली. देव न करो, पण उद्या काही झालंच तर पेन्शन आणि विमा त्याच कागदावरच्या नावाने येतात. म्हणून सासूबाईंना घरात हवं त्या नावाने हाक मारू दे, कागदावर सगळीकडे एकच नाव, स्पेलिंगसकट. ऑर्डर निघाली की नवऱ्याकडून त्याची प्रत मागून घ्या आणि स्वतः वाचा. 'क्लार्कने केलंय' हे उत्तर ऐकून घेऊ नका.

क्वार्टर मिळताना मार्चिंग-इनच्या, म्हणजे घर ताब्यात घेतल्याच्या कागदावर सही करण्याआधी पंखे, नळ, काचा, कड्या मोजा. फुटलेलं तिथेच लिहून घ्या, नाहीतर जाताना ते तुमच्या नावावर. एमएचला, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलला, डिपेंडंट कार्ड लागतं.

नवरा फिल्डला गेला की बहुतेक जणी गावी परततात. माझं मत विचाराल तर जाऊ नका. सेपरेटेड फॅमिलीचं, म्हणजे नवरा फिल्डला असताना कुटुंबाला मिळणारं क्वार्टर मिळत असेल तर घ्या, नंबर लागायला वेळ लागतो म्हणून अर्ज आधीच द्या. गावी तुम्ही फक्त सून असता. इथे मी स्कूटर शिकले, बँकेत एकटी जायला लागले, गॅस संपला म्हणून रडणं थांबलं. मुलगी रात्री तापाने फणफणली तेव्हा गढवाली दीदीने गाडी मागवली, आणि एमएचमध्ये सकाळपर्यंत माझ्याशेजारी बसली. आपल्या मराठी बायका? वाईट नाहीत, पण घोळका करून बसतात आणि कुणाच्या नवऱ्याला प्रमोशन मिळालं ह्यावरच बोलतात. साहेबाच्या बायकोने शिपायाच्या बायकोला खुर्चीवरून उठवलेलंही मी पाहिलंय. त्या घोळक्यात अर्धा तास बसा, मग उठा.

आणखी एक. नवऱ्याची गाडी कधी निघाली, कुठे चाललेत, हे व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकायचं नाही. 'मिस यू'सुद्धा नको, त्यावरूनही कळतं. फोन लागत नसेल तर लागत नाही. दर तासाला लावून स्वतःला आजारी पाडू नका.

पठाणकोटला येणार असाल तर रजई गावाहून ओढून आणू नका, इथे चांगली मिळते. पुरणयंत्र मात्र आणा. आमच्या ओळीत सध्या एकच आहे, माझं, आणि होळीला ते माझ्या घरी कधीच नसतं.