पेनिड्युअरचं इंजेक्शन कमी दुखावं म्हणून आम्ही काय काय करतो

लेकीला ऱ्हुमॅटिक ताप (घशाच्या इन्फेक्शननंतर येतो तो) येऊन गेला, हार्टच्या व्हॉल्व्हवर थोडा परिणाम झाला, तेव्हापासून घशाचं इन्फेक्शन परत होऊ नये म्हणून दर 21 दिवसांनी कमरेत पेनिड्युअर, म्हणजे बरेच दिवस अंगात टिकणारं पेनिसिलिन, 12 लाख युनिट. ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांना माहितीये, हे टीटीसारखं नाही. पावडर पाण्यात विरघळत नाही, नुसती मिसळते, दुधासारखं जाड औषध होतं आणि मसलमध्ये जाताना जाम ठणकतं.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो औषध सोडायच्या स्पीडने. एकदा घाईघाईत दिलं होतं, पोर दोन दिवस लंगडत होती. आता मी आधीच सांगते, सिस्टर सावकाश द्या, दोन-तीन मिनिटं लागली तरी चालतील, आणि मुद्दाम गर्दी नसते तेव्हाच जाते. फक्त मध्येच थांबायचं नाही, सुई चोक होते आणि परत टोचावं लागतं बिचारीला. म्हणूनच बारीक सुईचा हट्ट पण धरू नका, 21 किंवा 23 नंबरचीच लागते.

भरलेली सिरिंज सिस्टर मिनिटभर तळहातात फिरवतात, गार औषध जास्त झोंबतं. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, ओल्यावर टोचलं की आग होते. टोचायच्या आधी त्या जागेवर अंगठ्याने दहा सेकंद घट्ट दाबायचं, साधी गोष्ट आहे पण खरंच उपयोग होतो. मुलाला पालथं झोपवा आणि पायाचे अंगठे आत वळवायला सांगा, म्हणजे कंबर सैल पडते, ताठ मसलमध्ये दुप्पट दुखतं. तेवढ्यात मोबाईलवर काहीतरी लावून द्या.

एवढं करूनही सहन होत नसेल तर डॉक्टरांना लिग्नोकेनबद्दल (जागा बधिर करायचं औषध) विचारा, काही जण औषध त्यात कालवून देतात, पण ते त्यांनीच ठरवायचं, आधी बधिर करायच्या औषधाची ॲलर्जी आली असेल तर नक्की सांगा.

उपाशी नेऊ नका, चक्कर येते. नंतर अर्धा तास तिथेच बसायचं, रिॲक्शन आली तर डॉक्टर जवळ हवेत. घरी आल्यावर जागा चोळायची नाही, थोडं चालायला लावायचं, संध्याकाळी कोमट शेक.

आणि प्लीज, दुखतं म्हणून डोस पुढे ढकलू नका, घशाचं इन्फेक्शन परत झालं तर व्हॉल्व्ह अजून खराब होतो. आम्ही कॅलेंडरवर तारखेपुढे डावी की उजवी तेही लिहितो, एकाच बाजूला सारखं नको.