सर्व्हर अडकला, प्रोसेस मरंना? लिनक्सवर या चुका टाळा

हळदीच्या सीझनला सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत दुकानाचा बिलिंग सर्व्हर अडकला की फोन ठरलेला, "लोड 30 वर गेलाय, सीपीयू तर रिकामाच दिसतोय, व्हायरस आलाय का ओ?" व्हायरस बियरस काय नसतं. लिनक्सच्या लोड अॅव्हरेजमध्ये (हाच तो लोडचा आकडा) डी स्टेटवाल्या, म्हणजे डिस्कच्या वगैरे उत्तराची नुसती वाट बघत झोपलेल्या प्रोसेसपण (चालू प्रोग्राम) मोजतात, त्यामुळं नवीन सीपीयूवर पैसे घालवू नका.

मग पुढची चूक, किल मायनस नाइन, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीनं मारायची कमांड, मारत बसायचं. फाइलचा डेटा मेमरीत सहसा 4 केबीच्या पेजमध्ये असतो, डिस्कवरून वाचताना कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या पेजला लॉक लावतो, डिस्कवर लिहिताना रायटबॅकची, म्हणजे लिहिणं चालू असल्याची, खूण करतो, आणि ज्याला ते पेज पाहिजे त्यानं तोवर झोपायचं. 2008 च्या 2.6.25 कर्नलपासून वाचणाऱ्याला मधेच मारता येतं बऱ्याचदा, पण रायटबॅकवर थांबलेला सहसा डिस्कचं उत्तर आल्याशिवाय हलत नाही, मारा किती मारायचं ते.

थांबणाऱ्यांची प्रत्येक पेजला वेगळी रांग असते असं समजू नका. सगळ्या पेजांत मिळून 256 रांगा, त्यात कोण कुठं बसणार ते हॅशवर, म्हणजे पेजच्या पत्त्यावरून काढलेल्या आकड्यावर. सांगली स्टँडवर एकाच फलाटावर विट्याची न तासगावची माणसं बसतात, विट्याची गाडी लागली की विट्याचेच उठतात, तसंच. 4.10 कर्नलपासून पेजवर 'कोणतरी थांबलंय' अशी खूणपण आली, ती नसेल तर लॉक सोडताना कर्नल रांगेकडं बघतच नाही.

त्यामुळं प्रोसेसच्या मागं लागू नका, ती कशावर थांबलीय ते बघा. रूट होऊन प्रॉकमध्ये (/proc) त्या पीआयडीची (प्रोसेसचा नंबर) स्टॅक फाइल उघडा, ती कर्नलमध्ये कुठं अडकलीय ते त्यात दिसतं, फोलिओ वेट बिट दिसलं (जुन्या कर्नलला वेट ऑन पेज बिट) तर आधी डीमेसेज (कर्नलचा लॉग) आणि डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्कच्या तब्येतीचा) बघायचा. प्रोसेस 120 सेकंद डी स्टेटमध्ये अडकली की हंग टास्क मेसेज येतो तो बंद करणारे महाभागपण आहेत, अहो तोच तर तुमचा पुरावा!

ड्रॉप कॅशेसनं (मेमरीतली कॅश रिकामी करायची सेटिंग) काय होत नाही, डर्टी पेज, म्हणजे डिस्कवर लिहायची राहिलेली, त्यात जातच नाहीत. डर्टी रेशो, म्हणजे मोकळ्या मेमरीच्या किती टक्के डेटा लिहायचा राहू द्यायचा ती मर्यादा, वाढवणं तर उलटंच. डिफॉल्ट 20 टक्के असतो, 8 जीबी मोकळी मेमरी धरली तर दीड जीबीच्या वर डेटा लिहायचा राहू शकतो, आणि बॅकअपची युएसबी डिस्क सेकंदाला 5 एमबीनं लिहीत असेल तर पाच मिनिटं गेली की. डर्टी बाइट्सनं (तीच मर्यादा, पण टक्क्यांऐवजी बाइट्समध्ये) मर्यादा कमी करा.

एफसिंकला (डेटा डिस्कवर नक्की लिहून घ्यायचा कॉल) एरर आली न दुसऱ्यांदा मारल्यावर ओके आलं, तर खूश होऊ नका. कर्नलनं ते पेज क्लीन, म्हणजे लिहून झालेलं, धरलेलं असू शकतं आणि डिस्कवर काहीच नाही. पोस्टग्रेस डेटाबेस 11.2 पासून अशा वेळी सरळ पॅनिक करतं, म्हणजे स्वतःच बंद पडतं, न लॉगवरून रिकव्हरी करतं, तुमच्या स्क्रिप्टमध्ये तसं काय नसेल तर ती फाइल चांगल्या डिस्कवर पहिल्यापासून लिहा.