या चुका टाळा: दुरुस्तीचे परमिट आणि टाकीतील काम

वडोदऱ्याच्या मकरपुरा आणि नंदेसरी या औद्योगिक वसाहतींत सुरक्षा अधिकारी म्हणून काम करताना मी जे धोक्याचे प्रसंग पाहिले, त्यांतले बहुतेक नियम ठाऊक नसल्यामुळे घडले नाहीत. नियम पाळल्याचा कागद तयार आहे, एवढ्यावर सगळ्यांनी समाधान मानले, म्हणून ते घडले.

मला सर्वांत जास्त छळणारी चूक म्हणजे वीजपुरवठा तोडल्यावर यंत्र खरोखर सुरू होत नाही ना, हे बटण दाबून न पाहणे. एका रसायन कारखान्यात रिअ‍ॅक्टरच्या, म्हणजे रासायनिक प्रक्रियेच्या बंद टाकीच्या, आतील अ‍ॅजिटेटरची (ढवळणीची) पाती बदलायची होती. फ्यूज काढलेले होते, स्विचला लाल पाटी लटकत होती आणि परमिटवर, म्हणजे काम सुरू करण्याच्या लेखी परवानगीवर, तीन सह्या झालेल्या होत्या. फिटर मॅनहोलमधून, म्हणजे टाकीत उतरण्याच्या तोंडातून, उतरण्याच्या बेतात असताना मी त्याला बाजूला घेतले आणि आधी सुरू करण्याचे बटण दाबायला सांगितले. जेवणाच्या सुट्टीपूर्वी काम उरकण्याची घाई असलेला तो तरुण "साहेब, फ्यूज तर काढलेत, चालशे" असे म्हणून हसला, पण त्याने बटण दाबले आणि आतला दांडा गरगर फिरू लागला. आठवड्यापूर्वी पॅनेल बदलताना शेजारशेजारच्या दोन फीडरांवरील (यंत्रांना वीज पुरवणाऱ्या जोडण्यांवरील) नावांची अदलाबदल झाली होती. आम्ही मोठ्या काळजीने भलताच रिअ‍ॅक्टर बंद केला होता.

तेव्हापासून माझ्या हाताखाली प्रत्येकाचे स्वतःचे कुलूप असते आणि त्याची एकुलती किल्ली त्याच्याच खिशात राहते. पाटीवर माझा विश्वास नाही, कारण ती कोणीही काढू शकतो. बटण दाबूनही यंत्र फिरले नाही, तरी मी तेवढ्यावर थांबत नाही. मॅनहोल उघडे असल्यामुळे इंटरलॉकनेच (झाकण उघडे असताना यंत्र चालू न देणाऱ्या यंत्रणेने) ते अडवलेले असू शकते, म्हणून मोटरकडे जाणाऱ्या तारांवर वीज नाही हे मीटर लावून पाहायला लावतो. यात दहा मिनिटे जातात, आणि ती वाचवण्याची हौस नव्या मुलांइतकीच त्यांच्या सुपरवायझरांनाही असते.

दुसरी चूक टाकीत उतरण्याची. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ मध्ये, टाकीत घातक वायू नसल्याच्या दाखल्याविषयी लिहिताना, तो दाखला सक्षम व्यक्तीने स्वतः केलेल्या चाचणीवर आधारलेला असावा, असे स्पष्ट शब्द होते. तरीही मागच्या पाळीचा आकडा उतरवून घेणारे महाभाग मी पाहिले आहेत. वायू मोजण्याचा मीटर केवळ मॅनहोलच्या तोंडाशी धरणे हाही तसाच प्रकार, कारण हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड असून तळाशी साचतो. वासावर विसंबू नये, कारण त्याचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. ऑक्सिजनची जागा घेणाऱ्या नायट्रोजनला तर वासच नसतो. मी नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी हवा तपासतो आणि ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कोणालाही उतरू देत नाही. बाहेरच्या माणसाने आतल्याला बांधलेला दोर सोडून चहाला जायचे नाही, आणि आतला कोसळला तर श्वसनयंत्राशिवाय त्याच्यामागे उडी घ्यायची नाही.

टाकीत २४ व्होल्टचा दिवा सोडून साधा २३० व्होल्टचा दिवा नेऊ नये. ग्राइंडरचे गार्ड काढून काम करू नये. हनुवटीचा पट्टा न बांधलेले हेल्मेट घातले काय आणि न घातले काय, सारखेच.

थोडक्यात टळलेल्या अपघातांची वही कोरी ठेवणे ही आणखी एक चूक. त्या रिअ‍ॅक्टरच्या प्रसंगाची नोंदही, कोणाला लागले नाही तर लिहायचे कशाला, असे म्हणून टाळली जात होती. अखेर ती मी स्वतः लिहिली आणि त्या नोंदीच्या आधारे पॅनेलवरील सर्व फीडर तपासायला लावले, तेव्हा नावे उलटसुलट झालेली आणखी एक जोडी सापडली.